हार्ड डिस्कचं केसिंग घेताना डबा नको, आतली पट्टी बघा

केसिंग म्हणजे सुटी हार्ड डिस्क आत बसवून यूएसबीने संगणकाला जोडायचा डबा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात ते मागा, समोरून पहिला प्रश्न येतो, "लॅपटॉपची डिस्क की डेस्कटॉपची?" उत्तर दिलं की काउंटरवर चार डबे येतात आणि बहुतेक जण तिथेच रंग आणि भाव बघून मोकळे होतात. डेटाची जबाबदारी मात्र आतल्या बोटभर सर्किटच्या पट्टीवर असते. तिच्यावर साटाचं, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या जोडणीचं, यूएसबी करणारी ब्रिज चिप असते आणि डिस्कला वीजही तिथूनच जाते. मध्येच डिस्कनेक्ट होणारी डिस्क पुष्कळदा धडधाकट असते. दोष या पट्टीत, नाहीतर केबलमध्ये निघतो.

आधी विजेचं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, पण तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ती साधारण १ अँपिअर ओढते. नियमाप्रमाणे यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. बरीच पोर्टं याहून थोडं जास्त देतात म्हणून काम भागतं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर जोडलेली असते. त्यात केबलही मीटरभर लांब असली की व्होल्टेज पडतं. दिवा लागतो, आतून टक्‌-टक्‌ आवाज येतो, डिस्क काही दिसत नाही. हा आवाज ऐकून डेटा रिकव्हरीवाल्याकडे धावण्याआधी ३० सेंटिमीटरची चांगली केबल लावा आणि ती थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टात घाला. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत तेही वाचा. ०.५ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. १ च्या जवळ असेल तर पोर्ट दमदारच हवं.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा अडॅप्टर येतो. तो १२ व्होल्ट, २ अँपिअरपेक्षा कमी नको. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. इथे एक धोका कळकळीने सांगावासा वाटतो. याची गोल पिन घरातल्या दुसऱ्या अडॅप्टरांच्या पिनेसारखीच असते. मॉनिटरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर सहज आत बसतो आणि क्षणात पट्टी आणि डिस्क दोन्ही जळू शकतात. घरी आल्याआल्या अडॅप्टरवर मार्करने 'हार्ड डिस्क' लिहून टाका.

टाइप-सी पोर्टवाल्या स्वस्त केसिंगमध्ये वेगळीच गोम असते. पोर्टमागे ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर हवेत, ते वाचवलेले असतात. मग सोबतच्या ए-टू-सी केबलने सगळं चालतं आणि सी-टू-सी लावली की काहीच होत नाही. दुकानात जाताना दोन्ही केबल बरोबर न्या.

आता चिप. फिरत्या डिस्कसाठी किंवा साटा एसएसडीसाठी (तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) जेमायक्रॉनची जेएमएस५७८ आणि एएसमीडियाची एएसएम११५३ई किंवा एएसएम२३५सीएम ही नावं लक्षात ठेवा. एनव्हीएमईसाठी, म्हणजे छोट्या, चपट्या, वेगवान एसएसडीसाठी, रिअलटेकची आरटीएल९२१०बी घ्या, ती तशाच दिसणारी एम.२ साटाही चालवते. खोक्यावर चिपचं नाव नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यातला व्हीआयडी हा उत्पादकाचा क्रमांक. १५२डी म्हणजे जेमायक्रॉन, १७४सी म्हणजे एएसमीडिया, ०बीडीए म्हणजे रिअलटेक. काही ब्रँड तिथे स्वतःचा क्रमांक घालतात, तेव्हा हा उपाय चालत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि डिस्कची तब्येत दिसते का तेही तपासा. जी पट्टी ही स्मार्टची (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींची) माहिती बाहेर येऊ देत नाही ती मी घेऊ नका म्हणेन, कारण डिस्क आजारी पडली तरी तुम्हाला कळणार नाही.

वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. अडीच इंची फिरती डिस्क सेकंदाला १०० ते १४० एमबीच्या आसपास थांबते, ५ जीबीपीएसचं केसिंग तिला भरपूर झालं.

जाडी मोजून जा. ७ मिलिमीटरची डिस्क ९.५ च्या केसिंगमध्ये स्पंजचा तुकडा लावून बसते, १५ मिलिमीटरची अजिबात नाही.

सगळ्यात वाईट फसगत मोठ्या डिस्कची होते. ५१२ बाइटचे सेक्टर (डेटाचे कप्पे) आणि डिस्कचे भाग नोंदवायची जुनी एमबीआर पद्धत यात २.२ टीबीपुढे जाता येत नाही. ही मर्यादा चुकवायला काही जुन्या चिप संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. केसिंगमध्ये असेपर्यंत सगळं ठीक. तीच डिस्क थेट मदरबोर्डला किंवा दुसऱ्या केसिंगमध्ये लावली की विंडोज म्हणतं, फॉरमॅट करा. करू नका! डेटा जागच्या जागी आहे, जुन्या केसिंगमध्ये लावा, दिसेल. नव्या केसिंगमध्ये डेटा भरण्याआधीच सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली 'बाइट्स/सेक्टर' ५१२ आहे ना ते बघून घ्या.

तसंच, तयार पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क केसिंगमध्ये घालायचा बेत करू नका. काहींत यूएसबी पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, साटा नसतोच. काहींची ब्रिज चिप पासवर्ड नसतानाही डेटा एन्क्रिप्ट करते, त्यामुळे दुसऱ्या पट्टीवर तो वाचता येत नाही.

मुंबईत उष्णता आणि दमट हवा, दोन्ही सांभाळावं लागतं. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात साडेतीन इंची डिस्क रात्रभर बॅकअप घेत राहिली तर मे महिन्यात पन्नाशी ओलांडते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. म्हणून तिला पंखेवालं किंवा ॲल्युमिनियमचं केसिंग घ्या, पण धातू डिस्कला टेकलेला हवा, नाहीतर तो नुसता दिखावा. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क अर्धा तास तशीच राहू द्या, मग जोडा. साटाच्या पिना काळवंडल्या तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

केबल जोडल्यावर वायरलेस माउस अडखळायला लागला तर दचकू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये शिरतो, रिसीव्हर थोडा लांब लावा.

बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एक दिवस चाचणीला द्या. ज्याची दुसरी प्रत आहे असा ५० ते १०० जीबी डेटा एका दमात कॉपी करा. त्यातल्या मोठ्या फाइलींचा एसएचए२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून निघणारा ठसा, मूळ फाइलीशी ताडून बघा, विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आहेच. मग अर्धा तास डिस्कला हात लावू नका आणि नंतर एक फाइल उघडा. काही पट्ट्या झोपतात आणि नीट जाग्या होत नाहीत. फाइल उघडायला दहा-बारा सेकंद लागले तर चालेल, पण डिस्कच गायब झाली तर केसिंग बिलासकट परत करा.