गुणाची पोर

मंगळवार, रात्री पावणेबारा

साडेनऊला येणारा नवरा आज अकराला आला. फोन लागत नव्हता. तेवढ्या वेळात मी ओटा दोनदा पुसला आणि भिजवलेल्या मटकीचं पाणी बदललं. तो आला तेव्हा मान वर न करता म्हणाले, "जेवण झाकून ठेवलंय."

"चिडलीस?"

"छे."

खरंच चिडले नव्हते. काहीच वाटत नव्हतं. फक्त मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके ११८ दाखवत होतं.

त्या आकड्यापायी झोप येत नाहीये. समुपदेशक बाईंनी मागे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, १९६०च्या दशकात. वर्षभराचं मूल, खेळण्यांची खोली. आई काही मिनिटांसाठी बाहेर जाते, परत येते. पाहायचं ते आई परतल्यावर मूल काय करतं. बरीचशी मुलं रडून तिला बिलगतात आणि शांत होतात. काही बिलगतातही आणि हातपाय झाडून रागही काढतात. आणि काही आईकडे बघतसुद्धा नाहीत, खेळत बसतात. पुढे इतरांनी या न रडणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते चांगलेच वाढलेले निघाले.

मी पाच वर्षांची असताना धाकटा भाऊ दिवस भरायच्या आधी जन्मला, म्हणून मला सांगलीला मावशीकडे ठेवलं. चार महिने. दुपारी मला झोपवून आई गेली. उठल्यावर मावशी म्हणाली, "बाजारात गेलीय, येईल हं." मी दारातल्या पायरीवर बसून राहिले. रडले नाही म्हणे. नंतर लग्नकार्यात हे कौतुकानं सांगितलं जायचं: "गुणाची पोर, एकदाही रडली नाही!"

कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मावशी तर साय काढून ठेवायची माझ्यासाठी. अमेरिकेत १९९८ साली फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी बालपणीचे वाईट अनुभव आणि मोठेपणीचे आजार यांचा मोठा अभ्यास मांडला. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन अशी त्यांची यादी. त्यातले चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांत नैराश्य, दारू, आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त आढळले. त्या यादीत माझा गुण शून्य. मग याला आघात म्हणायची लाज वाटते. बाई म्हणाल्या, लाजेचं नंतर बघू, आधी पायरीवर बसलेल्या पोरीचं बोला. आणि हेही म्हणाल्या, की हे न रडणं ही सवय आहे, जन्माचा शिक्का नव्हे.

रविवारी आईला फोनवर विचारलं, "मला न सांगता का गेलीस?" बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता गं." मला आजवर वाटायचं ती माझ्या रडण्याला घाबरली.

परवा नवऱ्याचं पहाटेचं विमान आहे, पाचला निघणार. दर वेळी तो माझी झोपमोड नको म्हणून आवाज न करता जातो. चांगुलपणाच. मघाशी ताट वाढताना त्याला सांगितलं, मला उठवूनच जा.

"पाचला उठून काय करणार आहेस?"

"काही नाही. उठव फक्त."