भांडण नियमाचं नसतंच

आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान सोलापुरात सात रस्त्याला. निवडणूक लागली की शपथपत्रं टाइप करायला रांग लागते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, निवडणूक अधिकारी साहेबांच्या टेबलावर पोचावा लागतो, म्हणून अडीचला जी पळापळ होते ती बघावी की! त्या फॉर्मवर सही शाईचीच लागते, झेरॉक्स चालत नाही. झेरॉक्सवाला असून हे मलाच ओरडून सांगावं लागतं.

एकाच पक्षाचे दोघं एबी फॉर्म घेऊन आलेले मी पाहिलेत. विधानसभेला त्याचाही नियम आहे. आधीचा फॉर्म रद्द केल्याचं पक्षाने कळवलं नसेल, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो अधिकृत. म्हणजे तिकीट शेवटी ज्याची मोटारसायकल पुढं त्याचं.

माझा भाचा टेक्सासला असतो. तो फोनवर म्हणतो, "मामा, तुमच्याकडं पक्षाचा उमेदवार बंद खोलीत ठरतो. इकडं लोक ठरवतात." म्हटलं बघू तरी, आणि 2008 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेली ओबामा-हिलरी लढत वाचायला घेतली.

त्याच्याच टेक्सासपासून सुरुवात केली. तिथं तेव्हा पक्षाचं मतदान दोनदा. दिवसा प्रायमरी, म्हणजे साधं मतदान, आणि मतदान संपल्यावर रात्री कॉकस, म्हणजे सभेला येऊन नाव नोंदवायचं. मतांवरून प्रतिनिधी मिळतात आणि शेवटी उमेदवार तेच निवडतात. प्रायमरीत हिलरीला 65 प्रतिनिधी, ओबामांना 61. कॉकसमध्ये ओबामांना 38, हिलरीला 29. जास्त मतं हिलरीची, जास्त प्रतिनिधी ओबामांचे! ही पद्धत टेक्सासने पुढं बंद केली. आपल्याकडं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्री सभा ठेवली तर कोण येईल? यंत्रमागावर सेकंड शिफ्टला असलेला येणार नाही. दिवसभर विड्या वळून घरी स्वयंपाकाला लागलेली बाई येणार नाही. येणार ते ठेकेदार, नेत्याच्या मागं फिरणारी पोरं, आणि फार तर माझ्यासारखा दुकान लवकर बंद करणारा.

नेवाडा राज्यातही हीच अडचण होती. लास वेगासच्या कसिनोंतल्या कामगारांना शिफ्ट सोडून कॉकसला जाता येईना, म्हणून पक्षाने कसिनोंतच नऊ ठिकाणी सोय केली. हे महिनोन्‌महिने आधी ठरलेलं, कुणाची तक्रार नाही. जानेवारीत हॉटेल कामगारांच्या युनियनने ओबामांना पाठिंबा दिला, आणि दोनच दिवसांत शिक्षकांची संघटना कोर्टात. तिच्यातले काही पुढारी हिलरीच्या बाजूचे. कोर्टाने कॉकस थांबवलं नाही. गंमत म्हणजे त्या नऊपैकी बहुतेक ठिकाणी हिलरीच पुढं राहिली.

पण खरा कळस मिशिगनचा. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी ठरलेल्या तारखेआधी प्रायमरी ठेवली म्हणून पक्षाच्या नियम समितीने 2007 मध्येच त्यांचे सगळे प्रतिनिधी बाद केले होते. हॅरल्ड इक्स हे हिलरीचे सल्लागार त्या समितीत होते आणि त्यांनीही बाद करण्याच्याच बाजूने मत दिलं. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं, हिलरीने ठेवलं. तिला 55 टक्के मिळाले, 'अनकमिटेड', म्हणजे कुणाशीच बांधील नाही, या पर्यायाला 40 टक्के. पुढं लढत अटीतटीची झाल्यावर तेच बाद प्रतिनिधी हिलरीला हवे झाले. 31 मे 2008 ला समिती वॉशिंग्टनला बसली. मतांच्या हिशोबाने हिलरीला 73 आणि 'अनकमिटेड'ला 55 प्रतिनिधी व्हायला हवे होते. समितीने हिलरीला 69 आणि ओबामांना 59 केले, आणि प्रत्येक प्रतिनिधीला अर्धंच मत! ज्याचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं त्याला 59. इक्स चार प्रतिनिधींसाठी भांडले. 2007 मध्ये हेच गृहस्थ नियम पाळा म्हणत होते.

म्हणून मला तरी वाटतं, नियमावर कुणीच भांडत नाही. आपला माणूस मागं पडल्यावर नियम वाचायला काढतात.

प्रायमरीचा हा प्रयोग आपल्या शेजारी लातूरलाही झालाय. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसने लातूर, वर्धा अशा थोड्या जागांवर मतदान घेऊन उमेदवार ठरवला. मतदार मात्र सामान्य लोक नव्हते, पक्षाचे पदाधिकारी. त्यातून निवडलेला लातूरचा उमेदवार लोकसभेला पडला आणि पुढं त्या पद्धतीचं नाव कुणी काढलं नाही.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की तुमच्या प्रायमरीचा मला हेवा नाही, त्या बैठकीचा आहे. मिशिगनचा ठराव 19 विरुद्ध 8 ने झाला, टीव्हीवर, सगळ्यांसमोर. हात कुणी वर केला ते दिसलं. इथं नाव कापलेला माणूस दुपारी माझ्या काउंटरवर येतो, कुणी कापलं ते त्याला ठाऊक नसतं, आणि त्याला वेळही नसतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. घड्याळात दीड वाजलेला असतो आणि तो रस्त्यावर मतदारयादीतली दहा माणसं शोधत असतो.