वादळात तळटीप

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं हे माझं काम. लोकांना वाटतं, त्याला गोड आवाज लागतो. लागतं ते वेगळंच. पंखा बंद ठेवायचा, पोटातली गुरगुर माइकवर येऊ नये म्हणून वेळेत खाऊन घ्यायचं, ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर चुकवायला तोंड जरा तिरकं धरायचं आणि सकाळी लावलेला सूर संध्याकाळपर्यंत टिकवायचा. गणपतीत आमची खोली बंदच असते. कोल्हापूरच्या डॉल्बीपुढे भिंतीवरचा फोम काय करणार!

संस्थेचा नियम असा की छापलेलं एक अक्षरही गाळायचं नाही. तळटीप जिथे आकडा येईल तिथेच वाचायची, आधी ‘तळटीप सुरू’ आणि नंतर ‘तळटीप समाप्त’ म्हणून. चरित्रं, इतिहास, कायद्याची पुस्तकं या नियमात बिनबोभाट पार पडतात.

मग ती कादंबरी आली. मालवणचा किनारा, कोल्हापूरकर छत्रपतींचं आरमार. (कोल्हापूरचा दर्याशी काय संबंध, असं विचारणारे इथेही भेटतात. सिंधुदुर्ग करवीर राज्यात होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं आणि पुढे परत केला. मालवण कायमचं गेलं ते 1812 मध्ये.) लेखकाने अभ्यास दांडगा केलाय आणि तो झाकून ठेवायची त्याची अजिबात इच्छा नाही. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत त्याहून लहान, वारा पडला तर वल्ह्यांवर पळणारं. नाळ, परबाण, मतलई वारा, सारंग, तांडेल (म्हणजे खलाशांचा म्होरक्या), सगळ्यांना टिपा. वादळाच्या प्रकरणात परबाण मोडतं, शीड फाटून पाण्यात लोळतं, तांडेल किंचाळतो, आणि या एकाच वाक्यात तीन आकडे! मी किंचाळी अर्ध्यात सोडून ‘तळटीप सुरू, परबाण म्हणजे डोलकाठीवर चढवलेला, शीड बांधायचा आडवा वासा’ असं वाचायचं आणि परत किंचाळायचं. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे हसून बेजार.

शेवटी ते प्रकरण मी दोन्ही तऱ्हांनी वाचलं, टिपांसह आणि टिपांशिवाय, आणि आमच्या एका श्रोत्याला ऐकवलं. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. काचबिंदूने नजर गेली. नोकरीत मालवणची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची, म्हणजे समुद्र पाहिलेला, पण जहाजाशी कधी गाठ नाही. आम्ही त्यांना मामाच म्हणतो.

टिपांची फाईल दोन मिनिटं ऐकून त्यांनी हेडफोन काढला. “ताई, ही मधीच कोण बाई बोलायलीय?” (टिपा मी जरा सपाट सुरात वाचते, त्या मजकुरापासून वेगळ्या कळाव्यात म्हणून.) “वादळ असं थांबून थांबून कुठं येतंय व्हय?”

दुसरी फाईल त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मी विचारलं, परबाण म्हणजे काय कळलं का?

“काय की. कायतरी मोठं मोडलं. पर ते पडल्यावर तांडेल गप झाला न्हवं? तवा समजलो. करूळ घाटात ब्रेकची एअर गेली तर पॅसेंजरला एअर काय ठाऊक असतंय? ड्रायव्हर बोलायचा थांबला की समद्यास्नी कळतंय.”

झालं, निकाल लागला असं समजून मी पुढची प्रकरणंही बिनटिपांचीच त्यांच्या पेनड्राइव्हवर भरून दिली. दोन दिवसांनी फोन आला. मामा चिडलेले. नायक भरतीच्या वेळेला भरलेली गुराब खाडीच्या तोंडातून बाहेर काढतो आणि ती वाळूत रुतते. “भरती हाय म्हणतोय, मग रुतली कशी? ह्या लेखकानं आपल्या सोयीनं रुतवली.”

त्या प्रकरणात अष्टमी आहे. तांडेल म्हणतो, “भांगाची भरती, आज निघणं नाही,” आणि जाऊन झोपतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी भरपूर चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती येते पण जेमतेम. हे मी मामांना फोनवर सांगितलं. शिवाय कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमीला सहाच्या सुमारास, हेही सांगितलं. ते त्यांना फार आवडलं. मग म्हणाले, “हे आधी सांगाय पायजे हुतं. म्हंजे तो नांगर उचलतोय तवाच मला घाम फुटला असता.”

पुस्तकात भांगाची टीप आहे. पण कितीतरी आधी, जिथे तो शब्द पहिल्यांदा येतो आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तिथे. परबाणाच्या नि नाळेच्या टिपांच्या रांगेत तीही एक. टिपांसह ऐकलं असतं तरी मामांच्या ती लक्षात राहिली नसती.

आता कुठली टीप कथेला आधार देते आणि कुठली आडवी येते, हे ठरवायचं कोणी? आमच्या समन्वयक बाई म्हणतात, श्रोत्याच्या वतीने निवडणारे आपण कोण? डोळस वाचकाची नजर पानाच्या तळाशी जायची की नाही ते तो स्वतः ठरवतो, तशी मुभा श्रोत्यालाही हवी. मला हे पटतं, म्हणून तर पंचाईत. डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपात टिपा वेगळ्या बांधता येतात, ऐकणाऱ्याला नको असतील तर वगळता येतात. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात आमचे बहुतेक श्रोते पेनड्राइव्हवरची साधी एमपीथ्री ऐकतात, आणि डेझीचं प्रशिक्षण म्हणजे एक चहा आणि एक फोटो. उलट एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळ्या टिपा हव्यात. गुराब-गलबताची टीप त्यांना कादंबरीपेक्षा आवडली. अशांना नाही कसं म्हणायचं?

तूर्त टिपांची वेगळी फाईल करून शेवटी जोडायची असं ठरलंय. भांगाची टीप तेवढी मी अष्टमीच्या प्रकरणाच्या सुरुवातीला, तांडेलाच्या तोंडी वाक्य येण्याआधी वाचली आहे. लेखकाने ती तिथे घातलेली नाही आणि नियमातही ते बसत नाही. तपासणीत बाई ते काढायला लावतील, तेव्हा मामांचा फोन त्यांना जोडून देणार आहे.