होमलॅब नोंद: /२४ ची सवय मोडली

गेल्या नोंदीत म्हटलं होतं की नाशिकच्या गंगापूर रोडचं घर आणि दिंडोरी तालुक्यातला मावसभावाचा मळा वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी टनेल काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, जोडायचा. जोडून झालंय. पण टनेल उभा करणं हा त्यातला सोपा भाग निघाला. खरा वेळ गेला तो पत्ते नव्याने वाटण्यात.

अडचण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेलच. घरचा राउटर १९२.१६८.१.१, मळ्यावरचा ४जी राउटरही १९२.१६८.१.१. दोन्हीकडे /२४, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिल्या २४ घरातल्या सगळ्यांच्या सारख्या, उरलेल्या ८ ज्याच्या त्याच्या. टनेल कितीही नीट चालला तरी घरचा लॅपटॉप १९२.१६८.१.५० ला पॅकेट पाठवताना ते टनेलकडे देणारच नाही. त्याच्या हिशेबाने तो पत्ता याच घरात आहे, विचारायला राउटरपर्यंत जायचं कशाला? नॅट लावून एका बाजूचे पत्ते बदलून दाखवता येतात, पण तसली ठिगळं सहा महिन्यांनी आपल्यालाच उलगडत नाहीत. म्हणून दोन्ही जागा मोडून नव्याने मांडल्या.

खाजगी वापरासाठी १९९६ पासून तीन रेंज राखून ठेवलेल्या आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तिसरी सगळ्या घरगुती राउटरांनी व्यापलेली. दुसरीत डॉकर (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) आपणहून १७२.१७ वर जाऊन बसतो. शिवाय ती १७२.३१ ला संपते, १७२.३२ पासून पुढे बाहेरच्या जगाचे खरे पत्ते लागतात. हे /१२ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिथे घसरणं सोपं. मी १०.४२ घेतलं. ४२ ला काही अर्थ नाही; कुणाच्या कंपनीच्या व्हीपीएनशी टक्कर होऊ नये म्हणून १०.०, १०.१ आणि १०.१० टाळले एवढंच.

वाटणी अशी. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप १०.४२.०.०/२५ मध्ये, म्हणजे १ ते १२६ (तुकड्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता यंत्राला देत नाहीत). लॅब १०.४२.०.१२८/२६ मध्ये, १२९ ते १९०. कॅमेरे १०.४२.०.१९२/२७ मध्ये, १९३ ते २२२. २२४ पासूनचं शेपूट मोकळं, त्यातले शेवटचे चार पत्ते, २५२/३०, टनेलच्या दोन टोकांना. मळ्याला अख्खं १०.४२.१.०/२४. मळ्याला इतकं लागत नाही, तिथे हवामानाचा एक नोड, पानांच्या ओलाव्याचा सेन्सर, मोटरचा स्टार्टर आणि दोन कॅमेरे. पण घर ०.० आणि मळा १.० असल्यामुळे दोन्ही मिळून १०.४२.०.०/२३ होतं, आणि बाहेरून फोनने जोडताना एकच रेंज लिहिली की काम झालं. हेच घर १.० आणि मळा २.० असता तर जमलं नसतं. /२३ चा गठ्ठा तिसऱ्या आकड्यात समवरच सुरू होतो; १ आणि २ शेजारी दिसले तरी एका गठ्ठ्यात येत नाहीत.

वाटताना मोठा तुकडा आधी, लहान नंतर, हा नियम पाळा. आधी कॅमेऱ्यांना ०/२७ दिलं असतं तर घराचं /२५ ३२ पासून सुरू करता येत नाही, ते ० वर किंवा १२८ वरच बसतं. आणि मधलं भोक घराच्या /२५ ला पुरत नाही.

हिशेबाची पद्धत मी एकच ठेवली आहे. मास्क म्हणजे /२७ हेच चार आकड्यांत लिहिलेलं, २५५.२५५.२५५.२२४. २५६ मधून मास्कचा पहिला बिगर-२५५ आकडा वजा करा. २२४ असेल तर ३२. मग ०, ३२, ६४, ९६ अशी ३२ ची उडी. २०० कुठे पडतो? १९२ आणि २२४ च्या मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांत. तरीही एकदा तरी बिटा मांडून पाहाच. २०० म्हणजे ११००१०००. २२४ म्हणजे १११०००००. खाली खाली लिहून जिथे दोन्हीकडे १ तिथेच १ ठेवला की उरतं ११००००००, म्हणजे १९२. मशीन इतकंच करतं. स्वतःच्या पत्त्यावर मास्क लावतं, समोरच्याच्या पत्त्यावरही *स्वतःचाच* मास्क लावतं, आणि उत्तरं जुळली तर समोरचा आळीतला, नाही जुळली तर गेटवेच्या स्वाधीन.

त्यातला ‘स्वतःचाच’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. पॅकेटमध्ये मास्क कुठेच नसतो. पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मास्क नसतो. त्यामुळे एकाच स्विचवरच्या दोन मशीनांचे मास्क वेगळे असले तर कुणी तक्रार करत नाही. प्रत्येक जण आपापल्या समजुतीने वागतो. हे वाचून कळतं, पण करून बघितल्याशिवाय बसत नाही, म्हणून मुद्दाम बिघडवून पाहिलं.

घरातल्या विंडोज लॅपटॉपला हाताने १०.४२.०.२० दिलं आणि टॅब दाबला. मास्कच्या रकान्यात आपोआप २५५.०.०.० आलं. ही जुन्या क्लासांची सावली, तेव्हा पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून मास्क ठरायचा: १० ने सुरू होतो म्हणजे क्लास ए, म्हणजे /८. सबनेटची, म्हणजे रेंजचे तुकडे पाडण्याची, पद्धत १९८५ ची आणि क्लास मोडीत निघाले १९९३ मध्ये, तरी तो रकाना अजून जुन्याच काळात. (‘क्लास सी म्हणजे /२४’ असं सर्रास बोलणाऱ्यांना काय म्हणावं. आपणही बोलतो.) तो मास्क तसाच राहू दिला.

आता गंमत बघा. राउटरला पिंग, उत्तर आलं. ८.८.८.८ ला पिंग, आलं. ब्राउझर, टीव्हीवर कास्ट, सगळं सुरळीत. मळ्याच्या राउटरला, १०.४२.१.१ ला पिंग केलं तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, आणि हे सांगणारा पत्ता १०.४२.०.२०, म्हणजे लॅपटॉप स्वतःच! /८ लावल्यावर दोन्ही पत्त्यांचं उत्तर १०.०.०.० येतं, मळा आळीतलाच ठरतो, लॅपटॉप एआरपीने (‘हा पत्ता कुणाचा?’ असं आळीत विचारण्याची पद्धत) हाका मारत बसतो आणि त्या आवाजाला ओ देणारं घरात कुणी नसतं. राउटरवर पॅकेट पकडायला बसलो होतो: एआरपीचे प्रश्न येताना दिसले, पिंगचं एकही पॅकेट नाही. उलट बाजूने, मळ्यावरून लॅपटॉपला पिंग केलं तर ते टनेलमधून येऊन लॅपटॉपपर्यंत पोचलं, उत्तर मात्र निघालंच नाही, त्यामुळे मळ्याच्या बाजूला नुसता टाइमआउट. त्याच बिघाडाची दोन टोकांना दोन लक्षणं. ‘इंटरनेट चालतंय, टनेलच गंडलाय’ असं कुणी म्हणालं की आधी मास्क बघा, टनेलला नंतर हात लावा. आणि अनरीचेबल *कोण* सांगतंय तो पत्ता वाचा. त्यात निम्मं निदान असतं.

मास्क गरजेपेक्षा लांब असेल तर प्रकार वेगळा. एका रास्पबेरी पायला (छोटा संगणक), १०.४२.०.१० ला, /२५ ऐवजी /२६ दिलं. आता १०.४२.०.१०० हा त्याला बाहेरचा वाटतो, तो गेटवेला देतो, गेटवे त्याच तारेवरून परत फिरवून १०० ला पोचवतो. पिंग चालतं. वरकरणी दोष नाहीच. राउटरची केबल काढली आणि एकाच स्विचवरची, हातभर अंतरावरची ही दोन यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आखूड मास्कपेक्षा हा जास्त छुपा, कारण राउटर सांभाळून घेतो.

मळ्याची बाजू थोडक्यात. तिथल्या ४जी राउटरला वॅनवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, १००.८७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला. म्हणजे १००.६४.०.०/१०, २०१२ मध्ये कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी काढलेली रेंज. मास्क २५५.१९२.०.०, उडी ६४ ची, त्यामुळे १००.६४ ते १००.१२७. बाहेरून तिथे थेट हाक मारता येत नाही, म्हणून टनेल मळ्याकडूनच सुरू होतो आणि दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवणारं छोटं पॅकेट, जातो. घराकडे स्थिर पत्ता घेतलेला आहे, तो पैसा इथे वसूल झाला.

मावसभावाला मी कागदावर रेंज काढून दाखवल्या. तो म्हणाला, “अरे, ते आकडे तुझ्यापाशी ठेव. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं किती वेळ ओली राहिली ते रात्री मोबाइलवर दिसलं पाहिजे, डाऊनीला मी थांबायला सांगू का?” (डाऊनी म्हणजे ओल्या पानांवर येणारा बुरशीसारखा रोग.) दिसतंय आता. स्टार्टरला १०.४२.१.१० आणि सेन्सरला १०.४२.१.२० डीएचसीपीत (राउटरची आपोआप पत्ते वाटायची सोय) राखून ठेवलेत; वाटपाची रेंज १०० पासून सुरू, म्हणजे हाताने दिलेला आणि आपोआप दिलेला पत्ता एकमेकांवर आदळणार नाहीत.

राहिलेलं काम: कॅमेऱ्यांचा वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं जाळं. रेंज वेगळी केली म्हणजे तारेवर वेगळे झाले असं नाही, सध्या तरी कॅमेऱ्याने मनात आणलं तर स्वतःला /२५ मधला पत्ता देऊन घरात शिरेल. जुना मॅनेज्ड स्विच एमजी रोडवरून आणलाय, टॅग्ड पोर्ट घेतो पण त्याचं वेबपान फक्त जुन्या ब्राउझरमध्ये उघडतं. दुसरं, टनेलच्या दोन टोकांना चार पत्त्यांचं /३० कशाला, /३१ पुरतं. २००० पासून त्याला रीतसर मान्यता आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) कुणी वापरून पाहिलं असेल तर कॉन्फिग टाका, मी येत्या रविवारी बदलणार आहे.