आता काही सूचना

आमच्या नगरच्या मंडळीत रविवारची उपासना दीड तासाची ठरलेली आहे आणि ती दोन तास चालते. वरच्या अर्ध्या तासाचा दोष पाळकसाहेबांच्या उपदेशाला देण्याची प्रथा असली, तरी खरा वेळ जातो तो दानार्पणाच्या आधी होणाऱ्या सूचनांच्या वाचनात. पेटी थांबते, तबलजी हात पुसतात, चिटणीस शंभर पानी वही उघडून चष्मा सारखा करतात आणि म्हणतात, "आता काही सूचना." त्या घटकेला पोरे चुळबुळ करू लागतात, आणि मी सावरून बसतो. उपासनेतला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे, हे पाळकसाहेबांसमोर कबूल करण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

जुन्या पिढीतले नवरे बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करीत, आणि मराठी बायबलात ख्रिस्ती समुदायासाठीही हाच शब्द आहे. सूचना ऐकताना हे दोन अर्थ मला फारसे वेगळे वाटत नाहीत; घरातली बाई सकाळी ज्या सुरात कामे वाटून देते, त्याच सुरात चिटणीस ती वाटून देतात.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरात १८३१ साली सुरू झाले, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघू लागले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे आजही दर रविवारी 'उपासना संगीत'मधून गायली जातात, हे आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. वहीत यातले काहीच नसते. वहीत असते ते असे: महिला संघाच्या भगिनींनी मंगळवारी दवाखान्यातील भेटीसाठी चार वाजता फाटकाशी जमावे, नेत्रतपासणी शिबिरासाठी आठ टेबले हवी आहेत, ती कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याकडून मागून आणली तरी चालतील, हंगामाच्या सणाला आणलेल्या वस्तूंवर आपापली नावे घालावीत. त्या सणाच्या लिलावात एक साधी पपई गेल्या खेपेस साडेचारशे रुपयांना गेली, घेणाऱ्याने ती तिथेच परत दिली आणि ती पुन्हा तीनशेला विकली गेली. गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अशा पपयांवर चालतो. एरवी मंडईत दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसे त्या दिवशी एका लिंबासाठी हात वर करतात, त्याचा उलगडा मला झालेला नाही.

एक सूचना मात्र दर आठवड्याला त्याच शब्दांत येते: "बुधवारी संध्याकाळी सात वाजता मागच्या हॉलमध्ये सभा आहे." कसली सभा, कोणाची, हे सांगितले जात नाही आणि कोणी मान वळवून कोणाकडे पाहतही नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांचा, 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा तो गट. अमेरिकेत १९३५ साली दोन व्यसनी माणसे एकमेकांशी बोलत बसली, त्यातून ही चळवळ उभी राहिली. ती कोणत्याही धर्मपंथाची नाही आणि बाहेरची देणगी घेत नाही. म्हणूनच आमच्या खजिनदारांनी "हॉल तुमचाच समजा" म्हटले, तेव्हा त्या लोकांनी नम्रपणे पण ठामपणे भाडे ठरवून घेतले. आपसांतल्या वर्गणीतून जमलेल्या दहा-वीसच्या नोटा पाकिटात घालून ते महिन्याच्या महिन्याला देतात. आमच्या कित्येक सभासदांची मासिक वर्गणी इतकी नियमित येत नाही, हे मी पंच या नात्याने सांगू शकतो.

एकदा चिटणीस तापाने आजारी पडले आणि वही माझ्या हाती आली. त्यांच्या अक्षरात 'गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा' ही ओळ होती, तिच्याखाली यजमानांचे नाव आणि त्याखाली आजाऱ्यांची यादी. चष्मा घरी राहिल्यामुळे मी एक ओळ गाळली आणि गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या एका मावशींच्या घरी सभा असल्याचे खणखणीत आवाजात जाहीर केले. गुरुवारी अठरा माणसे गायनाची पुस्तके घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. तिकडे खरे यजमान वीस जणांचे पोहे करून वाट पाहत बसले; ते माझा सलाम अजूनही अर्ध्याच मानेने घेतात. शेजारून पेले मागवून मावशींनी सर्वांना कोरा चहा दिला आणि मला पलंगाशी बोलावून म्हणाल्या, "अरे, चुकायचंच होतं तर आधी कळवून चुकायचं होतंस. दूध तरी आणून ठेवलं असतं."

पुढच्या रविवारी चिटणीस बरे होऊन आले. त्यांच्या वहीत मावशींनी कोणाकरवी तरी एक चिठ्ठी पोहोचवली होती: येत्या गुरुवारची सभा माझ्या घरी ठेवावी. खाली कंसात लिहिले होते, दूध आणले आहे. चिटणिसांनी ती सूचना कंसासकट वाचली.