तुम्ही विचारलंत म्हणून: नॉयरमधलं चारचौघांसारखं घर

आमचा आठ-दहा जणांचा एक गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एक जुना सिनेमा लावायचा आणि नंतर जेवताना त्यावर कडाकडा वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. गेली काही वर्षं आम्ही अमेरिकेतले १९४० च्या दशकातले नॉयर सिनेमे, म्हणजे गुन्ह्यांच्या काळोख्या गोष्टी सांगणारे सिनेमे बघतोय, आणि त्यातलेही निवडून काढलेले. ज्यांत खासगी डिटेक्टिव्ह नायक नाही, टोळी नाही, नाइटक्लबला फारसं महत्त्व नाही. विमा कंपनीतला अधिकारी, घरं बांधणारा कंत्राटदार, दोन मुलांची आई अशी यातली माणसं. हे ऐकलं की लोक मला हमखास विचारतात, "नॉयरच बघायचं तर खरं नॉयर सोडून हे घरगुती का?" काही जण आणखी पुढे जातात. दिवसभर घरची कटकट झाल्यावर संध्याकाळी दुसऱ्याच्या घरची कटकट बघून काय मिळतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा प्रश्न आपल्याकडे का पडतो ते मला समजतं. आपल्यातल्या बहुतेकांना नॉयर भेटला तो हिंदी सिनेमातून. गुरुदत्तच्या 'बाजी'नं (१९५१) आणि त्याच्याच निर्मितीतल्या, राज खोसलांच्या 'सी.आय.डी.'नं (१९५६) त्यातल्या सावल्या घेतल्या, जुगाराचा अड्डा घेतला, क्लबमधलं गाणं घेतलं, आणि फार सुंदर घेतलं. सकाळचा नाश्ता, ऑफिसला निघालेला नवरा, मुलाचा ताप हे मात्र तिकडेच राहिलं. त्यामुळे हे सगळं नॉयरच्या कडेला कुठेतरी असणार असा आपला समज झाला. प्रत्यक्षात ते पहिल्यापासून मधोमध आहे. नीनो फ्रँक या समीक्षकानं १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर पॅरिसला एकदम येऊन पोहोचलेल्या अमेरिकन सिनेमांवर लिहिलं आणि या जातीला नाव मिळालं. तेव्हा त्याच्यासमोर जे मोजके सिनेमे होते, त्यांत बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) होता. त्याचा नायक विमा विकतो.

वॉल्टर नेफ एका घरी गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी जातो, तिथं त्याला घरची बाई भेटते आणि दोघं मिळून तिच्या नवऱ्याला मारायचं ठरवतात. आगगाडीच्या अपघातात मृत्यू आला तर दुप्पट भरपाई, म्हणजे ५० हजारांऐवजी एक लाख डॉलर. या खुनाची बरीचशी हत्यारं नेफच्या ऑफिसच्या बॅगेत आहेत: फॉर्म, पॉलिसीतलं कलम आणि सहीची जागा. नवरा समजतो की आपण गाडीच्या विम्याच्याच दुसऱ्या प्रतीवर सही करतोय. आमच्या गटात विम्याच्या धंद्यात आयुष्य काढलेले एक काका आहेत. खून होताना ते स्वस्थ बसले होते, या सहीच्या प्रसंगाला मात्र खुर्चीत पुढे सरकले. "लोक अशाच सह्या करतात," म्हणाले, "कशावर करतोय ते विचारत नाहीत, कुठे करू एवढंच विचारतात." पुढे ती दोघं भेटतात किराणा सामानाच्या एका मोठ्या दुकानात, डब्यांच्या रांगांमध्ये. खुनाबद्दल बोलणं चाललेलं असताना एक बाई येऊन नेफला वरच्या फळीवरचं सामान काढून द्यायला सांगते. तो काढून देतो. तिचा पाय निघाला की बोलणं पुढे सुरू. या सिनेमात मला सगळ्यात भीती वाटते ती इथं.

डिटेक्टिव्हच्या सिनेमात काळोख बाहेर असतो. त्याच्याबरोबर आपण आत शिरतो, काही काळ हिंडतो आणि त्याच्याबरोबरच बाहेर येतो. घरगुती नॉयरमध्ये गुन्हा घरच्या वेळापत्रकात बसवावा लागतो: मुलं झोपल्यावर, बाजाराला जायच्या निमित्तानं, सासरे वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असताना. आणि तो लपवायला जी हुशारी लागते ती या माणसांकडे आधीपासूनच असते. कुणाला किती सांगायचं, कुणाच्या कानावर काय जाऊ द्यायचं नाही, पाहुण्यांसमोर चेहरा कसा ठेवायचा, हे घर चालवता चालवता सगळ्यांना येतंच. 'चार लोक काय म्हणतील' हे वाक्य ऐकत जो मोठा झालाय, त्याला हे सिनेमे समजावून सांगावे लागत नाहीत. मला ते एवढे जवळचे वाटतात ते यामुळेच.

हिचकॉकचा 'शॅडो ऑफ अ डाउट' (१९४३) बघा. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा या खऱ्याखुऱ्या गावात त्याचं चित्रीकरण झालं. बाप बँकेत नोकरीला, आई दिवसभर घरात राबणारी, थोरली मुलगी चार्ली घरच्या एकसुरीपणाला विटलेली. तिच्या आवडत्या मामाचं नावही चार्लीच. तो राहायला येतो आणि हळूहळू तिला कळतं, की मामा श्रीमंत विधवांचा खून करत फिरतोय. पोरगी काय करते? पोलिसांना सांगायचं टाळते. आईला हा धक्का सोसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आईचा धाकटा भाऊ म्हणजे आईचं सगळं बालपण. शेवटी मामा मरतो तेव्हा अख्खा गाव त्याला भला माणूस म्हणून निरोप देतो आणि खरं काय ते फक्त चार्लीला आणि एका डिटेक्टिव्हला माहीत असतं. गंमत म्हणजे या घरचा बाप आणि शेजारी रोज संध्याकाळी खुनाच्या युक्त्यांवर चवीनं गप्पा मारत बसतात. हा शेजारी ह्यूम क्रोनिननं केलाय, त्याच्यासाठीसुद्धा सिनेमा पुन्हा बघावा.

हे सिनेमे नेमके तेव्हाच का आले, यावर आमच्यात बरंच बोलणं झालंय. दुसरं महायुद्ध चालू होतं, मग संपलं. लाखो सैनिक घरी परतले, सरकारी मदतीनं त्यांना घरासाठी कर्जं मिळाली आणि शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. फ्रेड झिनेमनच्या 'अ‍ॅक्ट ऑफ व्हायोलन्स'चा (१९४८) नायक असल्याच वसाहती बांधतो. गावात मान आहे, तरुण बायको आहे, तान्हं मूल आहे. जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आपल्याच सोबत्यांबद्दल त्यानं शत्रूला खबर दिली होती, हे गावात कुणाला माहीत नाही. त्या सोबत्यांतला जो एक वाचला, तो लंगडत लंगडत त्याला शोधत येतो. एका रात्री नायक घरातले दिवे घालवून, पडदे ओढून बसतो आणि बाहेर त्या ओढत्या पायाचा आवाज घराभोवती फिरतो. झिनेमन मूळचा ऑस्ट्रियाचा, त्याचे आईवडील नाझींच्या नरसंहारात गेले. फ्रिट्झ लँग, वाइल्डर, मॅक्स ओफ्युल्स, हंगेरीचा आंद्रे डी टॉथ, ही सगळी दिग्दर्शक मंडळी युरोपातून आलेली. अमेरिकन घराकडे ती बाहेरच्या माणसाच्या नजरेनं बघत होती आणि आपलं घर एका रात्रीत कसं नाहीसं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. मला वाटतं या सिनेमांतल्या दिवाणखान्यांत जी अस्वस्थता आहे, ती इथून आलीय.

आता माझा सगळ्यात आवडता. मॅक्स ओफ्युल्सचा 'द रेकलेस मोमेंट' (१९४९), एलिझाबेथ सँक्से होल्डिंग यांच्या कादंबरीवरून केलेला. शेवटही सांगणार आहे, त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

ल्युसिया हार्पर लॉस एंजेलिसजवळ बाल्बोआ या समुद्रकाठच्या टुमदार गावात राहते. नवरा कामासाठी युरोपात. घरात कॉलेजवयाची मुलगी, धाकटा मुलगा, सासरे आणि स्वयंपाकपाण्याला सिबिल ही कृष्णवर्णीय बाई. मुलीचं एका भलत्याच माणसाशी जुळलंय. एका रात्री घरामागच्या बोटहाउसमध्ये त्यांची झटापट होते, मुलगी त्याला मारून पळते, तो तोल जाऊन पडतो आणि मरतो. सकाळी आईला प्रेत दिसतं. ती ते एकटीनं मोटरबोटीत घालते आणि लांब नेऊन टाकते. मग येतो डोनेली. मुलीची प्रेमपत्रं त्याच्याकडे आहेत, त्याला पाच हजार डॉलर हवेत.

गोष्ट एवढीच. ओफ्युल्स ती ज्या पद्धतीनं सांगतो तिला तोड नाही. ल्युसियाला या सिनेमात सलग पाच मिनिटं कुणी एकटं सोडत नाही. मुलगा काहीतरी मागतो, सासरे काहीतरी विचारतात, फोन वाजतो, बाजाराची यादी राहिलेली असते. ब्लॅकमेल करणारा दिवाणखान्यात बसलाय आणि सासरे त्याच्याशी पाहुणा समजून गप्पा मारतायत. कॅमेरा तिच्यामागून जिन्यानं वर जातो, खाली येतो, खोल्यांमधून फिरतो आणि एवढ्या मोठ्या घरात तिला दार लावून बसायला कोपरा मिळत नाही. नवऱ्याला ती पत्रात खरं लिहायला घेते आणि पत्र फाडते. दुसरं लिहिते, त्यात सगळं ठीक.

पैसे उभे करायला ती गावभर हिंडते. कर्ज मागायला जाते तर नवऱ्याची सही पाहिजे, आणि नवरा समुद्रापार. शेवटी दागिने गहाण. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक ताई या प्रसंगानंतर सिनेमा थांबवा म्हणाल्या. घर ती चालवते, हिशेब ती ठेवते, प्रेतसुद्धा तीच उचलते, आणि स्वतःच्या नावावर पैसे मात्र उचलता येत नाहीत, हे त्यांना बोलून दाखवायचंच होतं. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री किंवा विवाहित म्हणून भेदभाव करायचा नाही असा कायदा झाला तो १९७४ मध्ये, म्हणजे या सिनेमानंतर २५ वर्षांनी. ताईंच्या त्या बोलण्यानंतर मला हा सिनेमा वेगळा दिसायला लागला. तोवर मी त्याला आईच्या मायेची गोष्ट समजत होते. आता त्यातला प्रत्येक प्रसंग मला पैशाचा आणि वेळेचा हिशेब म्हणून दिसतो.

डोनेली जेम्स मेसननं केलाय. हळूहळू तो या बाईच्या प्रेमात पडतो. म्हणजे बाईच्या की त्या घराच्या, हा आमच्यातला जुना वाद. कुणीतरी कुणाची एवढी काळजी घेतं हे त्यानं आयुष्यात कधी बघितलेलं नसतं. ती सिगारेटी फार ओढते म्हणून तो तिच्यासाठी फिल्टर विकत आणतो. शेवटी तो आपल्या साथीदाराला मारतो, पत्रं तिला परत मिळतील असं बघतो आणि मरताना दोन्ही मृत्यूंचा दोष स्वतःच्या माथी घेतो. ल्युसिया घरी येऊन पलंगावर पडून रडते. तेवढ्यात नवऱ्याचा परदेशातून फोन येतो. ती डोळे पुसून खाली उतरते, सगळं घर फोनभोवती गोळा झालेलं, आणि ती सांगते की इकडे सगळं छान आहे. कॅमेरा तिला जिन्याच्या कठड्याच्या गजांआडून दाखवतो.

घर वाचलं. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांपाशी आहे. या सिनेमांमध्ये घर बहुतेक वेळा वाचतं आणि त्याची किंमत घराबाहेरचं कुणीतरी भरतं. डोनेली जिवानिशी भरतो. सिबिल वेगळ्या रीतीनं भरते. तिला सगळं कळलेलं असतं, अडीअडचणीला ल्युसियाबरोबर तीच असते, आणि फोनवर बोलायला रांग लावलेल्या कुटुंबात तिची गणती नाही. ही भूमिका करणाऱ्या फ्रान्सिस विल्यम्सचं नावसुद्धा श्रेयनामावलीत घातलेलं नाही.

आंद्रे डी टॉथचा 'पिटफॉल' (१९४८) हेच फार कठोरपणे मांडतो. जॉन फोर्ब्स विमा कंपनीत आहे. बायको स्यू, लहान मुलगा टॉमी. सकाळी नाश्त्यालाच तो रोजच्या चाकोरीबद्दल कुरकुर करतो. मग मोना येते. तिच्या प्रियकरानं अफरातफर करून तिला वस्तू घेऊन दिल्या, तो तुरुंगात आहे आणि त्या वस्तू परत घ्यायला कंपनी जॉनला पाठवते. दोघांचं थोडं जमतं. तो विवाहित आहे हे कळल्यावर मोना स्वतः बाजूला होते. पण कंपनीसाठी काम करणारा एक तपासनीस तिच्या हात धुऊन मागे लागलाय. मोना एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांना कपडे घालून दाखवायचं काम करते. हा माणूस गिऱ्हाईक बनून येतो, तिला पोशाख दाखवायला लावतो आणि तिला नाही म्हणता येत नाही. रेमंड बर या नटानं हा माणूस असा केलाय की आमच्या गटातल्या तरुण मुलींना तो लगेच ओळखीचा वाटला.

हा तपासनीस तुरुंगातून सुटलेल्या प्रियकराला भडकवतो, तो पिस्तूल घेऊन जॉनच्या घरात शिरतो आणि जॉन त्याला मारतो. घरात घुसलेला चोर होता असं पोलिसांना सांगून मोकळाही होतो. मग बायकोला सगळं खरं सांगतो. आणि स्यू म्हणते, एकदा खोटं बोललास ना, आता आणखी बोल, टॉमीसाठी बोल. नॉयरमधली सगळ्यात सोज्वळ गृहिणी हे म्हणते! तिच्या रागाइतकाच तिचा हिशेबही खरा आहे. जॉन तरीही जाऊन कबुली देतो. सरकारी वकील त्याला चार शब्द सुनावतो आणि सोडतो. स्यू गाडी घेऊन बाहेर थांबलेली असते. दरम्यान मोनानं त्या तपासनिसाला गोळी घातलीय आणि ती अटकेत आहे. तिला न्यायला कुणी आलेलं नाही.

आमच्याकडे यावर दोन तट आहेत. काहींच्या मते स्यूनं नवऱ्याला क्षमा केली, संसार तुटू दिला नाही, शेवट समजूतदार आहे. मी दुसऱ्या तटात आहे. स्यू काही वाईट बाई नाही, तिच्या जागी मीही कदाचित गाडी घेऊन थांबले असते. पण हा शेवट बघून ज्याला हायसं वाटतं, त्याला मोना दिसलेलीच नाही असं मला वाटतं. सिनेमानं तिला व्यवस्थित दाखवलंय. सरकारी वकिलाच्या तोंडून तिच्यावरच्या अन्यायाबद्दल बोलवूनही घेतलंय.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'पिटफॉल'पासून करा. दीड तासाच्या आत संपतो. शक्यतो घरातल्या सगळ्यांबरोबर बघा, आणि स्यूच्या त्या वाक्याला थांबवून प्रत्येकाला विचारा, तू काय केलं असतंस.