वाटण्या मीच करून दिल्या

ओट्याच्या कडेला टाइलवरचा डाग सरकतोय असं वाटलं. वाकून पाहिलं तर मुंग्या. जेमतेम दोन मिलिमीटरच्या, पिवळसर, पोटाचं टोक तेवढं काळपट. फवारा मारला, फडकं फिरवलं, विषय संपला. आठवड्याभरात स्विचबोर्डातून एक, बेसिनखालून एक आणि चक्क फ्रिजच्या रबरातून एक, अशा तीन रांगा!

मग भिंग काढलं, वाचायला बसलो. ही फॅरो मुंगी. निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५८ मध्ये नाव दिलेली, खोक्यांतून, सामानातून माणसानंच जगभर नेलेली. हिच्या राण्या उडून जात नाहीत. एका वसाहतीत शेकडो राण्या असू शकतात. धोका जाणवला की कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलतात आणि दुसऱ्या फटीत संसार थाटतात. सोबत राणी नसली तरी अळ्यांतून नवी वाढवतात. म्हणजे फवारा मारून त्यांच्या वाटण्या मीच करून दिल्या होत्या. आणि वाटण्या होऊनही भाऊबंदकी नाही. वेगळ्या घरट्यांतल्या मुंग्या सहसा एकमेकींशी भांडतच नाहीत.

फवारा बंद. साखरेच्या पाण्यात बोरिक पावडर कालवली, चांगली चमचाभर. मुंग्या थेंबाशेजारीच मरून पडल्या. घोडं इथंच पेंड खात होतं. विष जहाल असलं तर कामकरी वाटेतच मरते. तिनं ते पोटात घेऊन घरट्यात जायला हवं, तोंडातून तोंडात राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोचवायला हवं. मग शंभर मिली पाण्याला एक ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवला.

अर्ध्या तासात बोळ्याभोवती कडं जमलं. डोकी आत, पोटं फुगून काचेसारखी. आपल्याच घरात मुंग्यांची पंगत वाढून नुसतं बघत बसायचं! फडक्याकडे हात चार वेळा गेला, खोटं कशाला सांगू.

दहाव्या दिवशी साखरेला तोंड लावेनात. त्यांची आवड बदलते म्हणे. उकडलेल्या अंड्याच्या बलकात तीच पावडर, तेवढीच कमी, मिसळून दिली, पुन्हा गर्दी. महिन्यानं रांगा दिसेनाशा झाल्या, पण अंड्यापासून कामकरी व्हायला साधारण दीड महिना लागतो, म्हणून झाकणं उचलली नाहीत.

सातव्या आठवड्यात एकटीच एक आली. कडेनं फिरली, प्यायली आणि स्विचबोर्डाच्या फटीत शिरली. बोळा बदलून ठेवला.